गोलमागची खुर्ची

आदरणीय साडूभाऊ यांस,

नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? ताईंचा खोकला थांबला का? आम्ही बापलेक बरे आहोत. घर आवरलेलं असतं, डबा वेळेवर होतो, आणि कोणी चौकशी केली की "ठीक चाललंय" हे आम्ही दोघंही आता न अडखळता म्हणतो.

रविवारी सामना संपल्यावर आपण मला सगळ्यांसमोर विचारलंत, "अहो, माझ्या पोरीवर का ओरडत होतात?" त्यावर मी "बघू" म्हणालो. (मी सगळ्यालाच "बघू" म्हणतो. लग्नाला होकार द्यायचा होता तेव्हाही हेच म्हणालो होतो, आणि आपण ते अजून लोकांना सांगता.) म्हणून खुलासा लेखी करतोय. तोंडी मला जमत नाही.

त्याआधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पाण्याच्या टाकीखालचा चिखल सोडा आणि मुलीला आमच्या क्लबात घाला, असं आपण मागे फोनवर म्हणाला होतात. त्यावर मात्र मी खरोखर बघितलं. शहरातले मुलींचे तिन्ही बरे फुटबॉल क्लब स्वतः जाऊन बघितले.

नव्या इमारतींमधल्या क्लबात गवताऐवजी हिरवं कापड अंथरलंय आणि पालकांना काचेमागे बसवतात. तिथे बोलायलाही बंदी. मला जागा फार आवडली. शेजारचे गृहस्थ आणि मी तासभर एकमेकांकडे बघून माना हलवत होतो; इतक्या छान गप्पा बऱ्याच दिवसांत झाल्या नव्हत्या. कन्या बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, आतून तुम्ही सगळे दुकानात मांडून ठेवल्यासारखे दिसत होतात." तो क्लब बाद.

आमचा क्लब आपण बघितलाच आहे. टाकी गळते ती नेमकी गोलच्या तोंडाशी. आमचे प्रशिक्षक नळदुरुस्ती करतात, सरावाच्या मध्येच फोन आला की पाना घेऊन पळतात, पण मैदानावरची टाकी त्यांच्या नजरेला अजून पडलेली नाही. जाळी फाटली होती, ती कपडे वाळत घालायच्या दोरीने शिवलीय. तरी मुली हसत असतात.

आणि आपला, नदीपलीकडचा. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. गवत असं, की त्यावर कोणीतरी रोज सकाळी कंगवा फिरवत असावं. सगळ्यांच्या पिशव्या एका रंगाच्या, पाण्याच्या बाटल्या एका ओळीत, शिवाय स्वतःची बस. कोणाला लागलं की एक बाई धावत येऊन थंड फवारा मारतात. (आमच्याकडे प्रशिक्षक "चल, ऊठ" म्हणतात. मूल दोन्ही उपायांनी उठतं, पण फवाऱ्याचा रुबाब वेगळा.) आपण छत्रीखाली पाय लांब करून बसला होतात. मी बराच वेळ त्या छत्रीत काही खोट सापडते का बघितलं. सापडली नाही.

आता ओरडण्याबद्दल. आई गेल्यापासून कन्या गोलात उभी राहते, पण पुढे येत नाही. चेंडू आला की रेषेवरच थांबते. पूर्वी गोलमागून तिची आई ओरडायची, "ये पुढे! तुझाच आहे!" आणि ही झेपावायची. प्रशिक्षक मला म्हणाले, "दादा, कोणीतरी ओरडायला हवं बघा." घरात मी एकटाच कोणीतरी उरलोय. म्हणून रविवारी तिच्या आईची घडीची खुर्ची घेऊन गोलमागे बसलो आणि ओरडलो. पण लोकांदेखत मोठ्याने बोलायचं तर मला डोळे मिटावे लागतात. चष्म्याच्या दुकानात दिवसभर "आता स्पष्ट दिसतंय का?" विचारणारा माणूस मैदानात डोळे मिटून "तुझाच आहे!" ओरडत होता. चेंडू पलीकडच्या टोकाला असतानाही. पहिल्या हाफमध्ये तिने दोन गोल खाल्ले. निदान एक माझ्यामुळे.

मध्यंतरात मी चहा घेऊन आलो आणि पुन्हा त्याच जागी बसलो. संघ बाजू बदलतात हे मला ठाऊक नव्हतं. दोघी मावसबहिणी, दोघी गोलरक्षक, पाठमोऱ्या सारख्याच, वेणीसुद्धा सारखी. (आणि डोळे मिटल्यावर वेणी कोण बघतो?) मी ओरडत राहिलो, आपली कन्या ऐकत राहिली. तिच्या मावशीचेच शब्द, तिला पाठ. ती अशी पुढे येऊन झेपावली, की आमच्या मुलींना एकही गोल करता आला नाही. विजेतेपदाची ढाल आपल्या कपाटात गेली. ती पुसताना माझी आठवण काढायला हरकत नाही.

आपण विचाराल, इतकी वर्षं सामन्यांना जायचात, मग एवढंही माहीत नाही? मी गाडीत बसायचो. रेडिओ बारीक लावून, काच खाली करून. माझ्या लेखी फुटबॉल म्हणजे कुंपणापलीकडून येणारा कन्येच्या आईचा आवाज. दुसऱ्या हाफमध्ये तो लांबून यायचा. मला वाटायचं, घसा बसला. घरी गेल्यावर गरम पाणी करून द्यायचो, आणि तीही काही न बोलता प्यायची. आता कळलं, की ती खुर्ची उचलून पलीकडच्या गोलमागे जात असे.

असो. एकूण विचार करता आम्ही टाकीखालीच बरे आहोत. क्लब बदलण्याचा विषय इथे संपला असं समजावं.

आपला,
साडू

ता. क. आपल्या क्लबाची निवडचाचणी शनिवारी आहे ना? कन्या येईल. परतताना गाडीत ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ओरडलात ते लांबून ऐकू येत होतं. छान होतं. पण ताईमावशी ओरडते तेव्हा आईच वाटते." त्यावर मला "बघू" म्हणता आलं नाही.

ता. क. २. छत्रीचं जे लिहिलं ते मनावर घेऊ नये. छत्री बरीच आहे. आपण गाडीत बसलात तेव्हा ताई आपल्याला काहीतरी सुनावत होत्या, आपण मान खाली घालून ऐकत होतात. पोटात खरं तेव्हा दुखलं.

ता. क. ३. ताईंच्या खोकल्याची वर सहज चौकशी केलेली नाही. शनिवारपर्यंत त्यांना गार काही देऊ नका, गरम पाणी द्या. आमची कन्या ज्या गोलात असेल त्यामागे त्या बसल्या तर फार बरं होईल. खुर्ची मी आणतो. मध्यंतरात उचलून पलीकडेही नेऊन ठेवीन. मग गाडीत जाऊन बसेन. रेडिओ लावणार नाही.