टोपलीची मोटर

आई, टोपलीची मोटर परत थरथरायला लागली आहे. फिरत नाही, नुसती जागच्या जागी हुडहुडी भरल्यासारखं करते. खाली भाजीवाली टोपलीत मेथी घालून मान वर करून उभी राहते आणि ओरडते, "अण्णा, वढा की वर!" तुझी सून गेल्यापासून या माडीवर मी एकटाच असतो. तुझा नातू पुण्यात. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे ही भाजीवाली, तेही रस्त्यावरून. म्हणून तुला लिहायला बसलो. तू होतीस तेव्हाही तुला अक्षर येत नव्हतं, घरात आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायचो. तेव्हा हे कुठं धाडायचा प्रश्नच नाही.

तुझे गुडघे गेले, जिना उतरणं बंद झालं आणि तू गॅलरीतून दोरीनं टोपली सोडायला लागलीस. जन्मभर विड्या वळून बोटं वाकडी झालेली, भरलेली टोपली तुझ्यानं वर येईना. मग दुपारी मी माझ्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून सायकल मारत यायचो, टोपली ओढायचो, आणि आलोच आहे म्हणून भाकरी-शेंगाचटणी खाऊन तुझ्याजवळ घटकाभर टेकायचो. तिकडं दुकानात लोकांचे टीव्ही उघडे पडलेले असायचे. मला वाटलं, यावर काहीतरी इलाज करावा.

भंगारात भरतकामाच्या मशीनची एक स्टेपर मोटर मिळाली. ती साध्या मोटरसारखी वीज दिली की पळत सुटत नाही; आतल्या गुंडाळ्यांना एकामागून एक, ठरल्या क्रमानं करंट द्यावा लागतो, तेव्हा ती पाऊल पाऊल फिरते. ते करणारं तयार कार्ड तेव्हा सोलापुरात कुठलं मिळायला! जुन्या टीव्हीतले ट्रान्झिस्टर काढले, ते तापू नयेत म्हणून खिडकीच्या ॲल्युमिनियमची पट्टी लावली, क्रम सांभाळायला एक आयसी, आणि सगळं पुठ्ठा घालून बिस्किटाच्या डब्यात बसवलं. बटण दाबलं की टोपली कुरकुरत वर. पहिल्या दिवशी तू शेजारणींना बोलावून वांगी वर आणून दाखवलीस. "माझ्या लेकानं केलंय. लई डोकं हाय त्येला." मीही खूश. आता दुपारी यायची गरज उरली नव्हती, आणि मी यायचा बंद झालो.

नव्याचे नऊ दिवस संपले आणि मोटर थरथरायला लागली. तू शेजारून दुकानात फोन करवलास. मी येऊन डबा उघडला, तर दोन वायरींची अदलाबदल झालेली. क्रम चुकला की ती मोटर एक पाऊल पुढं, एक पाऊल मागं करत बसते. वायरी नीट लावल्या आणि गेलो. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. या वेळी मी नीट बघतो. स्क्रूच्या डोक्यावर ताजे ओरखडे आहेत, डब्यात तेंदूच्या पानाचा चुरा आहे, आणि पानं कापायची तुझी कातर सुपात पडली आहे, टोक वाकलेलं.

"उंदीर असंल," तू म्हणतेस.

"उंदराला स्क्रू खोलता येतो व्हय गं?"

"आपल्याकडचं उंदीर लई हुशार हायेत. बस हितं, भाकरी गरम हाय."

चोराच्या उलट्या बोंबा! पण मी बसलो. पुढं हे चालूच राहिलं. वायरींना सोल्डरचा एक डाग दिला असता तर कायमचा निकाल लागला असता, आणि सोल्डरिंग आयर्न माझ्या पिशवीतच असायचं. डाग मी कधी दिला नाही. तू कधी कबूल केलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. मी स्क्रू आवळत बसायचो आणि तू तुझ्या माहेरच्या, मैंदर्गीच्या गोष्टी सांगायचीस, मध्येच कानडीत घसरायचीस. त्या दुपारी मला फार आवडायच्या, आई.

गेल्या आठवड्यात तुझ्या नातवाला फोन केला. मोटर चालत नाही म्हणालो. तो म्हणाला, "पप्पा, व्हिडिओ कॉल करा ना, दोन मिनिटांत सांगतो." हुशार पोरगा, डबा दिसला असता तर लगेच ओळखलं असतं. मी कॅमेरा छताकडं धरला, मग त्यावर बोट ठेवलं, मग रेंज नाही म्हणून ओरडलो. शेवटी तो वैतागला. "नवीन कार्ड घरपोच पाठवतो, ते जुनं काढून टाका."

"नको," मी म्हणालो, "तू येऊन बघ की एकदा."

तो म्हणाला, "बघतो. जमलं तर रविवारी."

खाण तशी माती, म्हणशील. म्हण. वायरींची अदलाबदल मीच केली आहे. माझेही गुडघे आता तुझ्यासारखेच झालेत, तरी कठड्याला धरून जिना उतरतो आणि भाजी घेऊन येतो. भाजीवालीला वाटतं, म्हाताऱ्याला मोटर दुरुस्त करता येत नाही.

काल रविवार होता. दोघांच्या भाकऱ्या थापल्या होत्या, त्याच्या तशाच राहिल्या. मोटरच्या डब्याला मी अजून हात लावलेला नाही.