उचगावच्या गच्चीवरचे अतिनील किरण

४ फेब्रुवारी २००५
प्रयोग सुरू. उचगावात शेवंताबाईंची गच्ची भाड्याने घेतली. चवळीच्या चाळीस कुंड्या. वीस उघड्या उन्हात, वीस अतिनील ट्यूबांखाली. ट्यूबांवर पक्ष्यांनी घाण करू नये म्हणून वर पत्रा. कल्पना माझी. ओझोन विरळ झाला तर कडधान्यांचं काय होणार, ते आता नेसरीचा धम्मपाल जगाला सांगणार. अठरा एप्रिलला रिपोर्ट पास झाला नाही तर पीएचडीचं रजिस्ट्रेशन रद्द. ही अट इतरांसाठी असावी.

५ फेब्रुवारी, सकाळी १०
किरण घातक. ट्यूबकडे बघायचं नाही, डोळे जातात. रोज दहाला बटण दाबून मान खाली घालून थेट हॉस्टेल. दुपारी एकला बटण बंद करायचं काम शेवंताबाईंना दिलं. त्यांना सायन्स समजावत होतो. बटण बंद करायला सायन्स कशाला लागतंय, म्हणाल्या.

५ मार्च
ट्यूबांखालची चवळी उन्हातल्यापेक्षा वीतभर उंच! जगातले सगळे पेपर म्हणतात, या किरणांनी झाड खुरटतं. जग चुकलं. शेवंताबाई म्हणाल्या, पत्र्याखाली झाड उन्हासाठी लांबतंयच की. भोळी बाई.

२६ मार्च
मानेवर लाल पुरळ. रेडिएशन. लॅबमधली फरहीन म्हणाली, डास असतील. लोक जळतात. ट्यूबांखाली शेंगा जवळजवळ नाहीतच, म्हणून शेंगा मोजायच्या नाहीत असं ठरवलं. रिपोर्टमध्ये फक्त उंची.

१४ एप्रिल
जयंतीला गावी. मंडळाने फलकावर ‘डॉ. धम्मपाल’ लिहिलेलं. खोडायला सांगणार होतो, वेळ झाला नाही. दादा, म्हणजे माझे वडील, फलकासमोरून तीनदा गेले.

१८ एप्रिल
गाइड निशा मॅडम साडेदहाला स्वतः गच्चीवर आल्या. ट्यूबांखाली अतिनील मोजायचं मीटर लावलं. शून्य. मीटर बिघडलंय, असं मी म्हणालो. तेवढ्यात शेवंताबाई वर आल्या. धा ते एक लाईट असतीया कुठं, जानेवारीपासनं रोज लोडशेडिंग हाय, म्हणाल्या. मग मला सांगितलं का नाही, विचारलं. तुमी बटण बंद करा म्हनलासा, रोज न चुकता करतोय की, म्हणाल्या. मॅडम माझ्याकडे बघेनात.

१९ एप्रिल
तोडगा सुचला: विषयच बदलायचा. ‘सावलीचा चवळीवरील परिणाम’. डेटा तयारच आहे. मॅडमना केबिनमध्ये जाऊन सांगितलं. विषय चांगला आहे, फरहीनचा तोच आहे, म्हणाल्या. रद्दचं पत्र टेबलावर टाइप होऊन पडलेलं. दादांना काय सांगू, कळत नाही. मॅडमचं पेन चालेना. सहीला मीच माझं दिलं.