चूल नसलेलं घर

सापगाव, मंगळवार संध्याकाळ

आज नात सुजाता हिनं जर्मनीतून फोनवर भाड्याचं घर दाखवलं. कोरोनामुळे मालक एका वेळी एकालाच आत सोडतो, म्हणून सोबतीला फोनवर मी. महिनाअखेर तिला हॉस्टेल सोडायचं आहे आणि दोन महिन्यांत बघायला मिळालेलं हे पहिलंच घर.

स्वयंपाकघरात ओटा नाही, शेगडी नाही. भिंतीतून नळाची दोन तोंडं नुसती बाहेर आलेली. मयताच्या घरातच चूल बंद असते.

"सुजे, हितं कोणतरी गेलंय. नको घेऊ."

ती हसली. "आबा, इकडं भाडेकरू जाताना लाकडी ओटापन सोडवून घेऊन जातात. कोण मेलं नाय."

"इचारलंस?"

"असं कोण इचारतं?"

"इचार गो!"

तिनं विचारलं. मालक म्हातारा, तोंडावर मास्क. त्यानं हातातली किल्ली खिशात टाकली. घालवलं मी पोरीचं घर, असं वाटलं. मग तो हळू काहीतरी बोलला. सुजातानं मला सांगितलं, आधीचे भाडेकरू ठणठणीत आहेत, पण वरच्या मजल्यावर त्याची स्वतःची बायको गेल्या महिन्यात गेली.

तेव्हापासून तीच नळाची तोंडं डोळ्यापुढं. कशाला विचारायला लावलं?

आत्ता तिचा निरोप आला, घर तिलाच दिलं. बरं वाटलं, तरी चैन नाही. आपल्याकडं दुःखाच्या घरी शेजारी जेवण नेतात. त्याला कोणी नेलं असेल का? उद्या सुजाताला सांगतो, शेगडी आली की पहिला डबा वरच्या दारात ठेव.