आभार पंगतीत मानायचे

वकीलबाई, म्हणजे आमची जोलीन पोरी,

साथ आली म्हणून आमच्या त्सिम्शियन आदिवासींच्या गावानं किनारा पाहुण्यांना बंद केला. तेव्हा जिचे पाहुणे मी माझ्या बोटीतून फिरवते, ती व्हँकूवरची सहल कंपनी फोनवर माझ्यावर गुरगुरली, "ठरलेल्या फेऱ्या बुडवल्यास ना, आता बोट आमच्या नावावर कर." मी सही करणारच होते. तू फोनवर ओरडलीस, "मावशी, पेन खाली ठेवा! सरकारी हुकमानं फेऱ्या थांबवता येतात, असं करारातच आहे. तुमच्या पंचायतीचा हुकूमही सरकारीच." तेवढंच कळवलं, आणि कंपनीनं बोटीचा नाद सोडला.

आमच्यात आभार भरल्या पंगतीत, सगळ्यांसमोर मानतात. सध्या पंगतींनाच बंदी. म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकत नाही. बंदी उठली की तुला बोलावून घेईन आणि पंगतीत हे वाचून दाखवीन. गावासमोर तुझं नाव घेताना "अहो, त्यात काय" म्हणालीस तर बघ!

तुझीच, बोटीसकट,
लोरेटा मावशी