शेजारचं हाड

शाहूपुरी, कोल्हापूर
सोमवार, ८ नोव्हेंबर १९५४

तीर्थस्वरूप अक्कांस,

अंबादासाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (पाय हा शब्द सध्या आमच्या घरी जपून उच्चारतात). मुरगूडच्या हवेत तुमचा दमा आटोक्यात असेल, अशी आशा आहे.

आमची विमला आठ वर्षांची झाली तरी कडेवरूनच फिरते. पेनिसिलिनच्या सुयांनी हाडातला पू आटला, पण नडगीचं हाड मधेच नाहीसं झालं. जिथं देवानं सांधा दिलेला नाही, तिथं पाय वाकतो. मागच्या आठवड्यात मोठे डॉक्टर म्हणाले, "शेजारचं हाड घेऊ आणि तिथं बसवू." एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले.

आमचे शेजारी म्हणजे हंबीरराव पैलवान. सासूबाईंनी घरी येताच त्यांच्याकडे नारळ धाडला. मी अडवायला हवं होतं. पण भ्यालेल्या माणसाला कुणाचंही हाड चालतं. हंबीररावांनी नारळ कानाशी हलवून पाहिला. मग म्हणाले, "मास्तर, पोरीसाठी जीव बी दीन की. पर डाव्या पायाचं घ्या म्हनावं. कुस्तीत उजव्यानं माझी टांग बसती." त्यांच्या आई धोंडुबाई आतून म्हणाल्या, "आनि पैलवानाचं हाड घिऊन पोरगी सासरी लाथा घालाय लागली, तर?" (सासूबाईंना ही सोयच वाटली.)

काल हंबीरराव दवाखान्यात डोळे मिटून डावा पाय पुढे करून उभे राहिले. डॉक्टरांना आधी कळेना, मग हसू आवरेना. शेजारचं म्हणजे नडगीशेजारचं, विमलाच्याच पायातलं बारीक हाड. ते मधल्या पोकळीत बसवायचं. भार सोसून पुढे ते जाड होतं म्हणे. हंबीरराव बाकावर बसून घाम पुसू लागले. मी मात्र तेव्हापासून एकच हिशेब मांडतोय. पैलवानाचं हाड फुकट गेलं असतं, तरी विमलाचं तिच्यापाशी राहिलं असतं. हे फुकट गेलं, तर त्या पायात काहीच उरत नाही.

ऑपरेशन गुरुवारी आहे. तुम्ही येण्याची तसदी घेऊ नये. एसटीतली धूळ तुम्हाला सोसत नाही, आणि मी अगदी धीराचा आहे.

तुमचा धाकटा,
अंबादास

ता. क. ही म्हणते, शेवटचं वाक्य खोडा. शाई वाळली आहे.

आणखी एक ता. क. बुधवारच्या गाडीनं याच. विमलाला आत नेताना तिच्या मुठीतून माझं बोट सोडवायला कुणीतरी लागेल. मला ते जमणार नाही. हंबीररावांना विचारलं, तर ते आत्ताच रडायला लागले.