चांदीला सवय होईल

९ मे
चांदी काल भावाच्या गाडीतून कौंडण्यपूरहून आली. माहेरची गाय, नुकती व्यालेली. इथलं बोअरचं पाणी हुंगते आणि तोंड फिरवते. दर्यापूरकडचं पाणी खारं, हे मला कोणी सांगायला नको. सासूबाई: "पेईन. तहान कोनाले सोडत नाई." बघू.

११ मे
पाणी नाही म्हणून चारा नाही, चारा नाही म्हणून दूध नाही. वासरू लुचून लुचून दमलं. नळ आजही आला नाही. शेवटी आमच्या पिण्याच्या पितळी गुंडातलं गोड पाणी तिच्यापुढे ठेवलं. एका दमात संपवलं, वर बादली चाटली. ह्यांनी पाहिलं. "आपन काय प्यावं मंग?" वैताग आहे नुसता.

१२ मे
भावाला फोन. "मीठ चार थोडं, मंग पेते कशी नाई." माहेरी असंच करतात. सरकीच्या ढेपेत मूठभर टाकलं.

१३ मे
प्यायली! बोअरचंच, ढसाढसा. सगळ्यांना हाका मारून दाखवलं. संध्याकाळी हगवण. पाय लटपटतात.

१४ मे
ढोरांचे डॉक्टर आले. हसले नाहीत, हेच उपकार. "वैनी, पान्यातच मीठ हाय. वरून अजून काहून टाकलं?" माहेरची, वर्धेकाठची अक्कल सासरी पूर्णेकाठी चालवली मी, इतकी वर्षं इथे काढून. मीठ बंद. गोड पाण्यात थोडं थोडं खारं मिसळत जायचं. मानवलं तर ठीक, नाहीतर गाय परत पाठवा म्हणाले.

१७ मे
गोड पाणी चांदीला, म्हणून वरण बोअरच्या पाण्यात. डाळ शिजलीच नाही. सासूबाईंनी दाणे बाजूला काढत म्हटलं, "तू बी नवी होती तवा चहा पेत नोती. रडत बसे. झाली ना सवय?"
झाली. आता माहेरी गेले की तिथलं पाणी फिकं लागतं.

२० मे
आजच्या बादलीत खारंच जास्त. प्यायली. थांबत थांबत, मान वर न करता. हे खूश. "पाह्य, शिकली." मला आनंद व्हायला हवा होता. रडू आलं, कडबा आणायच्या निमित्ताने मागे गेले.
दूध अजून वासरापुरतंच. भाऊ विचारतो, रविवारी गाडी घेऊन येऊ का. "एकीले तरी वापस नेतो," थट्टेत म्हणाला.
ये म्हणू की नको, ठरत नाही. त्याला अजून कळवलं नाही.