जनरेटरची टिकटिक

२ नोव्हेंबर
हिने आज उबवणीच्या मशिनमध्ये अंडी ठेवली. तीन हजार. तिने नोकरी सोडल्यानंतरची पहिली मोठी खेप. तेवीस तारखेला पिल्लं. तोवर ऊब एकसारखी हवी, लाइट गेली की लगेच जनरेटर चालू झालाच पाहिजे, असं तिने सगळ्यांना बजावलं. सगळ्यांना म्हणजे मला आणि सासूबाईंना.
जनरेटर हे माझं खातं.

४ नोव्हेंबर
जनरेटर चालवून पाहिला. इंजिनातून टिकटिक आवाज येतो. धुराचा पाइप जिथे चार बोल्टांनी बसवलाय, तिथलं पॅकिंग गेलंय. ही म्हणाली, दोन वर्षं टिकटिकतोय, टिकटिकू दे, चालतोय ना? हिला मशिनरीचा कान नाही. व्हिडिओ पाहिले. तासाभराचं काम.

५ नोव्हेंबर, सकाळी
व्हिडिओतला माणूस म्हणतो, गंजलेल्या बोल्टवर तेल सोडा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. रिकामटेकडा दिसतो. मी चहा होईपर्यंत थांबलो. पान्याला लांब पाइप जोडला. जोर दुप्पट.

दुपारी
पहिल्या बोल्टचं डोकं हातात आलं. उरलेला आत. लोखंड हलक्या प्रतीचं.

संध्याकाळी
दुसरा आणि तिसराही. चौथ्याला हात लावला नाही. कुठे थांबायचं हे मला कळतं.

६ नोव्हेंबर
चौथाही. ही विचारत होती, शेडमध्ये काय चाललंय? म्हटलं, सर्व्हिसिंग.

८ नोव्हेंबर
सासूबाई म्हणाल्या, धाकट्याला बोलवा. धाकटा म्हणजे हिचा भाऊ. त्याचं लेथचं वर्कशॉप आहे, तुटके बोल्ट काढणं हा त्याचा रोजचा धंदा. येईल, बघेल, आणि काय हो दाजी, म्हणून हसेल. प्राण गेला तरी बोलावणार नाही.

१० नोव्हेंबर
एक्स्ट्रॅक्टर आणला. उलट्या आट्यांचा खिळाच. तुटक्या बोल्टला मधोमध भोक पाडायचं, हा ठोकायचा, उलटा फिरवायचा, बोल्ट निमूट बाहेर. दुकानदार म्हणाला, जपून, हा आत तुटला तर त्याला ड्रिलही लागत नाही. माल कसा खपवावा हेच त्याला माहीत नाही.
भोक अगदी मधोमध नाही, पण त्याच बाजूला कुठेतरी पडलं.

दुपारी
आत तुटला.

१३ नोव्हेंबर
दुकानदार खोटं बोलत नव्हता. ड्रिल घसरलं आणि शेजारी घुसलं. तिथून पाणी आलं. इंजिनात थंडाव्यासाठी पाणी असतंच, फक्त ते बाहेर यायला नको. इपॉक्सीने भोक बुजवलं, पाइप तारेने आवळून बांधला. बाहेरून काही कळत नाही. टिकटिक पूर्ण बंद. इंजिनही बंद आहे म्हणा, पण प्रगती ती प्रगती.

१६ नोव्हेंबर
जेवताना लाइट गेली. ही ताटावरून उठून शेडकडे पळाली. मी मागोमाग. दारापाशी पोचतो तोच लाइट आली. जनरेटर तयार आहे ना, असं तिने विचारलं. हो म्हणालो. एकदा चालवून बघू या का? म्हटलं, डिझेल फुकट कशाला जाळायचं. बरं म्हणाली. लगेच बरं म्हणाली, ते जरा लागलं.

१९ नोव्हेंबर
आज धाकट्याला फोन करणार होतो. तेवढ्यात बातम्यांत वादळ सांगितलं. ही म्हणाली, बाई, बरं झालं तुम्ही वेळेवर सर्व्हिसिंग केलंत. यानंतर फोन कुठल्या तोंडाने करायचा? वादळं बहुतेक वाटेतच वळतात.

२२ नोव्हेंबर
वळलं नाही. सकाळपासून शेडचे पत्रे वाजतायत, आभाळ काळंकुट्ट. आत मात्र चिवचिव सुरू झाली. हिने एक अंडं माझ्या कानाला लावलं. आतून चोच आपटत होती. टिक. टिक. हिचे डोळे भरून आले. माझे पण. मला भीती वाटते आहे. थंडीने असेल.

२३ नोव्हेंबर, सकाळी
लाइट गेली. तारा पडल्यात, उद्यापर्यंत आशा नाही म्हणे.
जनरेटरची चावी फिरवली. एकदा खोकला, तार उडाली, वाफ आली, पाणी आलं, गप्प. मी म्हणालो, डिझेलमध्ये भेसळ असणार.

दुपारी
हिनेच धाकट्याला बोलावलं. पावसात भिजत आला. बॅटरी मारून चारही भोकं बघितली. ‘काय हो दाजी’ म्हणाला नाही. हसलाही नाही. पान्यांची पिशवी न उघडताच खाली ठेवली आणि अंड्यांचे ट्रे त्याच्या जीपमध्ये भरायला लागला. हसला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी
जीपमध्ये मावली तेवढी लाइट असलेल्या गावी गेली. बाकीची घरात. सासूबाई पाणी तापवून बाटल्या भरतायत. मला हिने पलंगावर बसवलं, पोटाशी अंडी लावली, वर रजई टाकली. म्हणाली, हलू नका, एवढं तरी करा. खुडूक कोंबडीची ड्यूटी. मी मनापासून करतोय. पाय मेलेत, पण उठणार नाही.
चिवचिव थांबून बराच वेळ झाला. पण एक अंडं जिवंत आहे. आत स्पष्ट टिकटिक. जोरात हाक मारली. ही धावत आली, रजईत डोकं घालून कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग माझ्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं, लांब टेबलावर नेऊन ठेवलं. म्हणाली, आता ऐका.
ऐकतोय.